‘माझे शासन’ म्हणजे कोणाचे? अभिभाषण वाचायचे कसे

एका आमदारांच्या कार्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने विचारलं आहे: “राज्यपालांच्या अभिभाषणावर साहेबांना बोलायचं आहे आणि मुद्दे काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. भाषणात पानोपानी ‘माझ्या शासनाने’ असं आहे, पण भाषण सरकारच लिहून देतं असं सगळे सांगतात. मग राष्ट्रपती आणि राज्यपाल दर वर्षी ते वाचतात कशासाठी? न पटलेला मजकूर त्यांना गाळता येतो का? आणि आभारप्रस्तावाला आम्ही सुधारणा दिली तर काही होतं का, की ती नुसती औपचारिकता?”

मी वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम केलं. आधी दिल्लीत खासदारांसाठी आणि नंतर मुंबईत आमदारांसाठी अभिभाषणावरची टिपणं काढली. तुम्ही विचारलेला प्रश्न पहिल्या वर्षी मलाही पडला होता, आणि तेव्हा मला कोणी नीट उत्तर दिलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी राष्ट्रपतींचं बघू, कारण राज्यपालांचा साचा तिथूनच येतो. संविधानाच्या अनुच्छेद ८७ प्रमाणे लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी, आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी, राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे एकत्र अभिभाषण करतात आणि संसद कशासाठी बोलावली ते सांगतात. मुळात हे दर अधिवेशनाला करायचं होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा झालं. ती दुरुस्ती भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांसाठी आणि नवव्या अनुसूचीसाठी, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीसाठी, सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच कायद्यात हा बदलही होता. राज्यपालांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १७६ मध्ये आहे. महाराष्ट्रात दोन सभागृहं असल्यामुळे विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य एकत्र बसतात. गोव्यात परिषद नाही, त्यामुळे तिथे राज्यपाल ४० सदस्यांच्या विधानसभेपुढेच बोलतात.

ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली. तिथे राजा सिंहासनावरून भाषण वाचतो, ‘माझे सरकार अमुक करील’ म्हणतो, आणि त्यातला शब्दन् शब्द पंतप्रधानांच्या माणसांनी लिहिलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं वार्षिक भाषण टीव्हीवर दिसतं म्हणून पुष्कळ जण त्याच्याशी आपल्या अभिभाषणाची तुलना करतात. ती तुलना लागू पडत नाही. तिथला अध्यक्ष स्वतःच सरकारचा प्रमुख असतो. तो स्वतःचं म्हणणं मांडतो आणि त्यावर तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, मतदान होत नाही. आपल्याकडे बोलणारा एक आणि जबाबदार दुसरा, आणि त्यावर सभागृहाचं मत घेतलं जातं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं याच फरकात आहेत.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात, हे अनुच्छेद ७४ सांगतो. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच राष्ट्रपती आणि राज्यपाल दोघांच्याही बाबतीत स्वच्छ मांडलं. म्हणजे अभिभाषणातलं ‘माझे शासन’ हे मालकी सांगणारं नाही. मंत्रिमंडळ सभागृहाला सांगतंय की येत्या वर्षी आम्ही हे करणार आहोत, आणि ते सांगण्यासाठी त्याने राज्याच्या सर्वोच्च पदाचा आवाज वापरला आहे. जो मंत्री पत्रकार परिषदेत वाटेल ते बोलून दुसऱ्या दिवशी ‘माझ्या म्हणण्याचा विपर्यास झाला’ म्हणू शकतो, त्याला अभिभाषणातल्या वाक्याबद्दल तसं म्हणता येत नाही. ते वाक्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं असतं, छापलेलं असतं आणि सभागृहाच्या पटलावर ठेवलेलं असतं. माझ्या दृष्टीने अभिभाषणाची सगळी किंमत यात आहे.

मजकूर कसा तयार होतो, तेही कळलं पाहिजे, कारण वाचताना त्याचा उपयोग होतो. केंद्रात सगळी मंत्रालयं आपापली माहिती पाठवतात आणि पंतप्रधान कार्यालय ती एकत्र करतं. राज्यात मंत्रालयातले विभाग हेच करतात. प्रत्येक विभागाला आपले दोन-चार परिच्छेद हवेच असतात. मग काटछाट होते, भाषा एकसारखी केली जाते, मंत्रिमंडळाची मान्यता मिळते आणि प्रत राज्यपालांकडे जाते. विभागांचे हे वेगवेगळे हात मजकुरात अखेरपर्यंत दिसत राहतात. ज्या विभागाकडे सांगण्यासारखं ठोस काम आहे त्याच्या परिच्छेदात आकडे आणि तारखा असतात. ज्याच्याकडे नाही त्याचा परिच्छेद विशेषणांनी भरलेला असतो.

अभिभाषण झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने दोन्ही सभागृहं आपापल्या ठिकाणी बसतात आणि प्रत पटलावर ठेवली जाते. दिल्लीत राष्ट्रपती ज्या भाषेत वाचतात, तिच्याखेरीज दुसऱ्या भाषेतल्या प्रतीचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद उपराष्ट्रपती वाचतात. अनेक दशकं हा कार्यक्रम मध्यवर्ती सभागृहात झाला, म्हणजे जिथे ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा पहिल्यांदा बसली त्याच दालनात. ३१ जानेवारी २०२४ पासून तो नव्या इमारतीतल्या लोकसभेच्या सभागृहात होतो. मी जुन्या दालनात गॅलरीतून तो अनेकदा ऐकला आहे, आणि ते दालन सुटल्याची हळहळ मला आजही वाटते.

वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी अभिभाषण हवं, हे वाचायला सोपं आहे. पण ‘पहिलं अधिवेशन’ कशाला म्हणायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला तो आपल्याच पंढरपूरच्या तेव्हाच्या खासदारांनी, रामदास आठवले यांनी. २३ डिसेंबर २००३ ला लोकसभा अनिश्चित काळासाठी तहकूब झाली होती. २९ जानेवारी २००४ ला ती पुन्हा बोलावली गेली, तेव्हा अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. नवं वर्ष उजाडलं होतं, पण राष्ट्रपतींचं अभिभाषण झालं नाही. आठवले यांचं म्हणणं असं, की ही या वर्षातली पहिलीच बैठक आहे, तेव्हा अभिभाषणाशिवाय सुरू झालेलं कामकाज घटनाबाह्य ठरतं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१० मध्ये याचिका फेटाळली. कारण असं, की अधिवेशन संपवण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे आणि बैठक तहकूब करण्याचा अध्यक्षांचा. डिसेंबरमध्ये सभागृह फक्त तहकूब झालं होतं, राष्ट्रपतींनी अधिवेशन संस्थगित केलं नव्हतं, म्हणजे संपवलं नव्हतं. म्हणून जानेवारीतली बैठक हा जुन्याच अधिवेशनाचा दुसरा भाग झाला, आणि जुन्या अधिवेशनाच्या मध्यावर अभिभाषण लागत नाही.

निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आहे, यात मला शंका नाही. पण त्यातून एक पळवाट उघडी राहिली. २०२२ मध्ये तेलंगणात मागचं अधिवेशन संस्थगितच केलं नाही आणि अर्थसंकल्पी बैठक राज्यपालांच्या अभिभाषणाविना भरवली. तमिळिसाई सौंदरराजन तेव्हा राज्यपाल होत्या. त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकार आणि राज्यपालांचं पटत नव्हतं, हे उघड होतं. नुकसान मात्र सभागृहाचं झालं. अभिभाषण नाही म्हणजे त्यावर चर्चेसाठी मांडला जाणारा आभारप्रस्ताव नाही, आणि आभारप्रस्ताव नाही म्हणजे सरकारच्या सगळ्या धोरणावर सलग काही दिवस बोलायची वर्षातली एक मोठी संधी गेली. तुमच्या साहेबांना हे सांगा. ‘राज्यपालांचं भाषण रद्द झालं तर बरंच, वेळ वाचला’ असं सभागृहाच्या लॉबीत मी ऐकलं आहे. असं बोलणाऱ्या सदस्याला आपण काय गमावतो आहोत, याची कल्पना नसते.

आता मजकूर गाळण्याविषयी. माझं मत ठाम आहे: गाळता कामा नये. राष्ट्रपतींनी असं केल्याचं उदाहरण माझ्यापुढे नाही. राज्यपालांनी मात्र अनेकदा केलं आहे. जुन्यातलं ठळक उदाहरण पश्चिम बंगालचं. १९६७ च्या नोव्हेंबरात राज्यपाल धर्मवीर यांनी अजय मुखर्जींचं संयुक्त आघाडीचं सरकार बडतर्फ केलं. १९६९ च्या निवडणुकीत तीच आघाडी परत आली आणि तिने अभिभाषणात दोन परिच्छेद घातले: आमचं सरकार बरखास्त करणं घटनाबाह्य होतं. म्हणजे ज्यांनी बडतर्फ केलं त्यांच्याच तोंडून ते वदवून घ्यायचं. ६ मार्च १९६९ ला धर्मवीर यांनी ते दोन परिच्छेद सोडून बाकीचं भाषण वाचलं. त्यांच्या अडचणीबद्दल मला सहानुभूती आहे. सरकारने राज्यपालांच्या तोंडी त्यांचीच निंदा घालणं हा पदाचा मान नव्हे. पण तरीही, ते परिच्छेद सभागृहाला सांगायचे होते सरकारला, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारीही सरकारचीच होती.

तामिळनाडूत ९ जानेवारी २०२३ ला राज्यपाल आर. एन. रवी यांनी काही भाग वगळले. त्यात पेरियार, आंबेडकर, कामराज, अण्णादुरै यांची नावं असलेला भागही होता. मुख्यमंत्री स्टालिन यांनी तिथेच ठराव मांडला की छापील प्रतच कामकाजात नोंदवावी, आणि राज्यपाल राष्ट्रगीताची वाट न बघता बाहेर पडले. २०२४ मध्ये त्यांनी काही मिनिटांत भाषण आवरलं, २०२५ मध्ये न वाचताच निघून गेले. केरळात २५ जानेवारी २०२४ ला आरिफ मोहम्मद खान यांनी फक्त शेवटचा परिच्छेद वाचला. याच खान यांनी २०२० मध्ये मात्र वेगळा मार्ग काढला होता. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधातला परिच्छेद आला तेव्हा ते थांबले. हा विषय धोरणात बसत नाही असं आपलं मत आहे, पण मुख्यमंत्र्यांच्या इच्छेचा मान राखून वाचतो, असं म्हणून त्यांनी तो वाचला. मला तो मार्ग योग्य वाटतो. मतभेद नोंदला गेला, मजकूरही सभागृहाला मिळाला. पत्राने आधी सरकारला कळवून दुरुस्ती सुचवली असती तर ते आणखी चांगलं झालं असतं.

आणि हे नुसतं राज्यपालांच्या बाजूनेच बिघडतं असं नाही. आपल्या मुंबईत ३ मार्च २०२२ ला भगतसिंह कोश्यारी अभिभाषणाला उभे राहिले आणि घोषणाबाजीत दोनेक मिनिटांतच थांबून निघून गेले. घोषणा देणाऱ्यांत सत्ताधारी सदस्यही होते. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यावरचा राग खरा होता, तो मलाही समजतो. पण त्या दिवशी जे वाचायचं राहिलं ते कोश्यारींचं म्हणणं नव्हतं. ते त्या घोषणा देणाऱ्यांच्याच सरकारचं होतं. दिल्लीतही असं घडलं आहे. १८ फेब्रुवारी १९६३ ला राष्ट्रपती राधाकृष्णन इंग्रजीत वाचत असताना काही खासदारांनी हिंदीसाठी गोंधळ घातला. लोकसभेने समिती नेमली आणि त्या सदस्यांना समज दिली. भाषेचा आग्रह धरायला संसदेत दुसऱ्या शंभर जागा आहेत, असा त्या समजेचा अर्थ मी घेतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर २०१८ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २६ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिनाची पूर्वसंध्या. राज्यपाल सी. विद्यासागर राव इंग्रजीतून अभिभाषण करत होते आणि सदस्यांच्या कानाला लावलेल्या यंत्रात मराठी अनुवाद येतच नव्हता. विरोधक उठून निघाले. तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे स्वतः अनुवादकाच्या कक्षात गेले आणि त्यांनी मराठी प्रत वाचून दाखवायला सुरुवात केली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माफी मागितली. आपल्या राज्याचं सरकार वर्षभरात काय करणार, हे आपल्या आमदारांना आपल्या भाषेत ऐकू येऊ नये, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. अनुवादाकडे शेवटच्या क्षणी करायचं काम म्हणून बघितलं की असं होतं. तुम्ही काम करताना इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रती समोर ठेवा. जिथे दोन प्रतींचा अर्थ किंचित वेगळा लागतो, तिथे हमखास एखादी गोष्ट अजून ठरलेली नसते.

आता आभारप्रस्ताव. सत्ताधारी पक्षाचा एक सदस्य मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. या अभिभाषणाबद्दल सभागृह आभारी आहे, एवढाच त्याचा मजकूर. त्यावर काही दिवस चर्चा होते. सरकारच्या अखत्यारीतल्या कुठल्याही विषयावर बोलता येतं, फक्त राष्ट्रपतींवर किंवा राज्यपालांवर टीका करता येत नाही, कारण शब्द त्यांचे नाहीत. शेवटी पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री उत्तर देतात.

विरोधकांची सुधारणा एका ठरलेल्या साच्यात असते: प्रस्तावाच्या शेवटी पुढील शब्द जोडावेत, ‘परंतु खेद वाटतो की अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही’. हा ‘परंतु’ लहान दिसतो, पण तो मंजूर झाला तर सभागृहाने सरकारला तोंडावर सांगितलेलं असतं की तुमच्या यादीत हे राहिलं. ३ मार्च २०१५ ला राज्यसभेत सीताराम येचुरींनी वरच्या पातळीवरचा भ्रष्टाचार आणि परदेशातला काळा पैसा आणण्यातलं अपयश यावर सुधारणा मांडली. तेव्हाचे संसदीय कामकाज मंत्री व्यंकय्या नायडूंनी ती मागे घ्यावी म्हणून विनंती केली. येचुरी हटले नाहीत. मतदान झालं आणि ११८ विरुद्ध ५७ मतांनी सुधारणा मंजूर झाली. पुढच्याच वर्षी ९ मार्चला गुलाम नबी आझाद यांची सुधारणा ९४ विरुद्ध ६१ ने मंजूर झाली. राजस्थान आणि हरियाणात पंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली होती, त्यावर ती होती. याआधी १९८०, १९८९ आणि २००१ मध्येही राज्यसभेने असं केलं होतं.

सरकार पडलं का? नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, राज्यसभेला नाही. पण लोकसभेत आभारप्रस्ताव पडला किंवा सरकारच्या इच्छेविरुद्ध सुधारणा मंजूर झाली, तर तो अविश्वासच मानला जाईल. आपल्याकडे तसं अजून झालेलं नाही. ब्रिटनमध्ये झालं आहे: २१ जानेवारी १९२४ ला राजाच्या भाषणावरच्या उत्तराला, म्हणजे तिथल्या आभारप्रस्तावाला, मजूर पक्षाने दिलेली सुधारणा ३२८ विरुद्ध २५६ ने मंजूर झाली, पंतप्रधान बाल्डविन यांनी राजीनामा दिला आणि रॅम्से मॅकडोनाल्ड यांचं पहिलं मजूर सरकार आलं. आपल्याकडे जवळ जाणारी दोन उदाहरणं आहेत. १९९१ मध्ये आभारप्रस्तावाच्या चर्चेच्या काळातच बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने पाठ फिरवली आणि ६ मार्चला पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा जाहीर केला. १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांनी २४ मे रोजी वाजपेयी सरकारचं अभिभाषण वाचलं आणि २८ मे रोजी ते सरकार गेलं. चार दिवसांत मागे फक्त कागद राहिला.

विधानसभेत सरकारकडे बहुमत असताना तुमची सुधारणा मंजूर होणार नाही, हे गृहीत धरा. तरी ती द्या, आणि नेमकी द्या. बहुतेक कार्यालयं पन्नास सुधारणा देतात, शेतकरी, महागाई, बेरोजगारी, आणि मग एकीवरही मतदान मागत नाहीत. त्यापेक्षा तीन द्या. प्रत्येकीत एक ठिकाण, एक योजना, एक तारीख असू द्या. अशा सुधारणेला उत्तर न देता पुढे जाणं मंत्र्याला अवघड जातं, आणि दिलेलं उत्तर कामकाजाच्या नोंदीत कायम राहतं.

पण सुधारणा लिहिण्याआधी वाचायचं कसं, ते सांगतो, कारण माझा बहुतेक वेळ त्यातच गेला. सुरुवातीच्या वर्षांत मी एका सदस्यासाठी टिपण काढलं आणि एका सिंचन योजनेचा परिच्छेद ‘नवी घोषणा’ म्हणून दिला. सदस्य त्यावर सभागृहात दहा मिनिटं बोलले. मंत्र्यांनी उठून शांतपणे दोन वर्षांपूर्वीची प्रत वाचून दाखवली. तोच परिच्छेद, जवळपास त्याच शब्दांत. सदस्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही, एवढंच विचारलं: “मागच्या प्रती बघितल्या होत्या का?” बघितल्या नव्हत्या. खरं तर दोन वर्षं तोच परिच्छेद येणं हाच सगळ्यात मोठा मुद्दा होता, आणि तो आमच्या हातातून जाऊन मंत्र्यांच्या हाती पडला.

तेव्हापासून मागची तीन वर्षं शेजारी ठेवून वाचायची सवय लागली. परिच्छेद आणि परिच्छेद जुळवायचे. आधी क्रियापदं बघायची. ‘निर्णय घेतला आहे’ म्हणजे शासन निर्णय असणार, त्याचा क्रमांक शोधा. ‘सुरू करण्यात आले आहे’ म्हणजे कुठे, किती तालुक्यांत, ते विचारा. ‘प्रस्तावित आहे’ आणि ‘विचाराधीन आहे’ यांच्यात अंतर आहे. पहिल्यामागे फाइल असते, दुसऱ्यामागे बहुधा नुसती चर्चा. ‘कटिबद्ध आहे’ आलं की पुढे मोजण्यासारखं काहीही नसतं. मग मागच्या वर्षीचं ‘प्रस्तावित’ यंदा कुठे गेलं ते बघा. पुढे सरकलं, तिथेच राहिलं, की गायब झालं? गायब झालेल्या परिच्छेदाइतकं बोलकं अभिभाषणात दुसरं काही नसतं, आणि तो कोणी वाचून दाखवत नाही, आपल्यालाच शोधावा लागतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. ४ जून २००९. नव्या लोकसभेपुढे प्रतिभाताई पाटील अभिभाषण वाचत होत्या. जळगावच्या या पहिल्या महिला राष्ट्रपतींच्या तोंडून पहिल्या १०० दिवसांचा कार्यक्रम आला. त्यात महिला आरक्षण विधेयक लवकर मंजूर करण्याची गोष्ट होती. पंचायती आणि नगरपालिकांत महिलांना ५० टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती होती. आणि अन्नसुरक्षा कायदा होता: दारिद्र्यरेषेखालच्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला २५ किलो तांदूळ किंवा गहू, ३ रुपये किलोने.

या तीन वाक्यांचं पुढे काय झालं बघा. महिला आरक्षण विधेयक ९ मार्च २०१० ला राज्यसभेने मंजूर केलं, लोकसभेत ते कधी आलंच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. घटनादुरुस्ती झाली ती २०२३ मध्ये, दुसऱ्या सरकारच्या काळात, आणि अंमलबजावणी पुढच्या जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली गेली. पंचायतीतल्या ५० टक्क्यांची घटनादुरुस्ती केंद्रात झालीच नाही. राज्यांनी ती आपापल्या कायद्यांनी केली, महाराष्ट्राने २०११ मध्ये. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला, पण वेगळा होऊन: कुटुंबामागे २५ किलोऐवजी माणशी ५ किलो, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया, आणि दारिद्र्यरेषेऐवजी ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या. एकाच पानावरच्या तीन वाक्यांपैकी एक चौदा वर्षांनी, एक राज्यांमार्फत, एक आकार बदलून. ‘सरकारने आश्वासन पाळलं नाही’ असं म्हटलं असतं तर अर्धंच खरं झालं असतं. नेमकं काय झालं ते सांगितलं की बोलणाऱ्याला वजन येतं.

राज्यातलं उदाहरण हवं असेल तर १ डिसेंबर २०१९ चं अभिभाषण घ्या. नव्या आघाडी सरकारच्या वतीने राज्यपालांनी सांगितलं की खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ८० टक्के आरक्षणाचा कायदा करू. तसा कायदा झाला नाही. आता त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची प्रत उघडा आणि ते वाक्य कुठल्या वर्षी कसं बदललं, कधी गेलं, ते स्वतः शोधा. सरावासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. आणि सरकार कोणाचंही असो, हीच पद्धत लावा. तुमचे साहेब उद्या सत्तेत बसले तरी.

प्रत्यक्ष कामाचं थोडं. सुधारणेची मुदत फार कमी असते, त्यामुळे अभिभाषणाच्या दिवशीच विधिमंडळ सचिवालयात जाऊन वेळ विचारून घ्या. परिच्छेदांना प्रतीत क्रमांक असतात, तेच क्रमांक टिपणात लिहा, म्हणजे सदस्याला बोलताना पान उलटत बसावं लागत नाही. अर्थसंकल्प काही दिवसांतच येतो. अभिभाषणात ज्याचा गौरव झाला त्या योजनेला अर्थसंकल्पात किती रक्कम आली, ते जुळवून दुसरं टिपण तयार ठेवा. ते विभागवार मागण्यांच्या चर्चेत लागेल. साहेबांना बोलायला बारा मिनिटं मिळाली तर तीन परिच्छेदांपेक्षा जास्त देऊ नका. आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रती ग्रंथालयातून आजच काढून घ्या. अधिवेशन सुरू झालं की त्यांना मागणी वाढते.